स्पीकरचे पाय आणि ताराक्कांचा खांब

१७ जानेवारी, शनिवार, सकाळी साडेदहा. मुक्काम पेठ, नानांचं घर, वरचा मजला.

हजर: नाना, वय बहात्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, घराचे आणि स्पीकरचे मालक. गुलाबभाऊ, आमच्या वर्कशॉपचे लेथ मिस्त्री. मी. दोन उभे स्पीकर, प्रत्येकी एकतीस किलो. एक पितळी परात, रांगोळीची पुडी. खालच्या मजल्यावर ताराक्का, नानांच्या थोरल्या बहीण, वय शहात्तर, दोन्ही कानांनी बहिऱ्या.

माझ्या कामाच्या वहीत प्रत्येक जागेची अशी नोंद असते. या नोंदीतलं शेवटचं वाक्य मात्र वेगळ्या शाईत आहे, कारण ते मी त्या दिवशी दुपारी घातलं. सकाळी लिहिताना ताराक्का हजर आहेत असं मला वाटलंच नव्हतं. ते वाक्य का घालावं लागलं हे सांगायचं तर आधी आमचं काम काय ते सांगायला हवं.

आमचं वर्कशॉप आळेफाट्याला, गॅरेजांच्या रांगेच्या मागच्या बाजूला. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली बावीस वर्षं मी बघते. आम्ही रबर साच्यात दाबून शिजवतो. टेम्पोच्या इंजिनाखाली, द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरखाली, हॉटेलमागच्या जनरेटरखाली जो काळा ठोकळा असतो, तो आमचा. वर यंत्र थरथरतं, खाली जमीन शांत राहते, मध्ये आमचा ठोकळा सगळं सोसतो. त्याच्याकडे कुणी वाकून बघत नाही, आणि बघावं लागलं तर काहीतरी बिघडलेलं असतं.

स्पीकर आमच्याकडे आले ते नारायणगावच्या एका दातांच्या डॉक्टरांमुळे. खाली दवाखाना, वर घर. वर त्यांची मिसेस गाणी लावायची आणि खाली पेशंटची खुर्ची गुणगुणायला लागायची. दात आधीच ठणकत असताना खुर्चीनं सूर धरला तर माणूस कसा बसेल? डॉक्टरांनी विचारलं, गाडीच्या इंजिनाला करता तसं स्पीकरला कराल का? मी म्हटलं, त्यात काय अवघड. टेम्पोचे आठ ठोकळे नेले, लावले, आणि खुर्ची पहिल्यासारखीच गुणगुणत राहिली.

तिथे मी पहिला धडा शिकले. रबर निवडायचं ते वरच्या वजनावर. टेम्पोचं इंजिन दीडशे किलोचं, त्याच्या ठोकळ्यावर अठरा किलोचा स्पीकर ठेवला तर रबराला कुणी बसल्याचं कळतच नाही. ते दगडासारखं उभं राहतं आणि थरथर जशीच्या तशी खाली सोडतं. उलट फार मऊ रबर घेतलं तर ते पार चेपतं, आणि चेपलेलं रबरही दगडच. स्पीकर ठेवल्यावर पाय थोडासा बसला पाहिजे आणि बोटानं ढकललं तर सावकाश डुलून जागेवर आला पाहिजे. रबर दबलं पाहिजे, दमता कामा नये. कारखान्यात नव्या माणसाला मी एवढंच सांगते आणि मग वजनकाटा हातात देते.

दुसरा धडा असा की एकूण वजनाला चारानं भागायचं नाही. स्पीकरचा सगळा लोखंडी ऐवज पुढच्या अंगाला असतो. पुढचे दोन पाय जास्त भार घेतात, मागचे कमी. चारही सारखे दिले तर स्पीकर हळूहळू पुढे मान टाकतो. म्हणून एकेका कोपऱ्याखाली काटा ठेवून वजन घ्यायचं. लोकांना हे वेड वाटतं. घ्यायचं तरीही.

तिसरा धडा लेण्याद्रीच्या पायथ्याकडच्या एका बागायतदारांनी दिला. द्राक्षाचे पैसे आले तसे त्यांनी हौसेनं मोठे स्पीकर घेतले आणि पाय आमच्याकडून केले. वर्षभरानं फोन आला, की ताई, स्पीकर नाचाया लागलेत. जाऊन बघते तर पाय भिजलेल्या वाटाण्यासारखे फुगलेले, बोट लावलं तर चिकट. रबरावर पांढरी झाक येते, ती त्यांना बघवली नव्हती. बैलांच्या शिंगांना लावून उरलेलं गोडेतेल दर सोमवारी ते मनोभावे पायांना चोळत होते. मी म्हटलं, भाऊ, रबराला तेल म्हणजे विष. ते म्हणाले, "आमाला काय ठावं? जो आपला भार उचलतो त्याला तेल द्यायचं, येवढंच शिकलोय." मी नवे पाय फुकट दिले. तेव्हापासून प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी असते, ‘तेल लावू नये’. पुण्याचे लोक ती वाचून हसतात. आमच्याकडचे कुणी हसत नाहीत.

आता नाना.

डिसेंबरात ते वर्कशॉपवर आले ते गुंडाळी घेऊनच. खोलीचा नकाशा स्वतः काढलेला, मापानं. फळ्या किती, खालच्या तुळया कुठून कुठे, तुळईखाली खांब कुठे, खुर्ची कुठे, सगळं पेन्सिलीनं. बावीस वर्षांत इतकं नीटनेटकं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. गुलाबभाऊंनी नकाशा उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यावर साच्यातलं रबर बी चुकायला लाजंल."

घर दुमजली. खाली नानांच्या वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान होतं, ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. वर सागाच्या फळ्यांची जमीन. लाकडी जमिनीचा त्रास असा की ती गाण्यात भाग घेते. नाना म्हणाले, तबल्याचा डग्गा एकदा वाजतो आणि मला तीनदा ऐकू येतो, स्पीकरमधून, फळ्यांतून आणि खुर्चीतून. सगळं एकात एक कालवल्यासारखं.

मग त्यांनी घाईचं कारण सांगितलं. उजवा कान गेलाच होता. डाव्याचंही डॉक्टर म्हणाले होते की कमी होत जाणार, किती दिवसांत ते सांगता येत नाही. कानाच्या यंत्रानं बोलणं कळेल, गाणं कळेलच असं नाही. "जेवढं उरलंय तेवढं स्वच्छ ऐकायचंय," नाना म्हणाले. मी वहीत ‘घाई’ लिहून खाली रेघ मारली.

माझा एक छापील कागद आहे, जागेच्या चौकशीचा. स्पीकरचं वजन, कोपऱ्यांची वजनं, जमीन कशाची, ऐकणारा कुठे बसतो, आवाज किती ठेवतो. त्यात दंतवैद्यांनंतर मी एक प्रश्न वाढवला होता, की खाली कुणाला त्रास होतो का? नाना म्हणाले, खाली आक्का असते, पण तिला कसला त्रास, सात वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. मी लिहिलं, ‘खाली कोणालाही त्रास नाही.’

१७ जानेवारीला आम्ही पोचलो तेव्हा ताराक्का बंद दुकानात खांबाला टेकून गहू निवडत होत्या. मान हलवून त्यांनी जिना दाखवला. आम्ही वर गेलो.

कोपऱ्यांची वजनं आली पुढे साडेनऊ-साडेनऊ, मागे सहा-सहा. दोन कडकपणांचे पाय मी अंदाजानं आणले होते, ते बरोबर निघाले. याचा मला थोडा तोरा चढला हे कबूल करते.

लावण्याआधी रांगोळीची परीक्षा. हे माझं यंत्र. स्पीकरजवळ जमिनीवर परात पालथी ठेवायची, वर चिमूटभर रांगोळी पसरायची, गाणं लावायचं. नानांनी पखवाजाची तबकडी लावली. परातीवरची पूड आधी शहारली, मग सरकायला लागली, मग तिच्या रेघा झाल्या, गोल, आणि गोलात पुन्हा फाटे. ठेका बदलला तशा रेघा मोडल्या आणि दुसऱ्या जागी उभ्या राहिल्या. मी हे कितीतरी घरांत पाहिलंय. तरी दर वेळी माझा हात वहीवर थांबतो. कुणाचाही हात न लागता कुणीतरी रांगोळी काढतंय आणि पुसतंय. नाना चित्रकलेचे मास्तर, ते तर गुडघ्यांवर बसून नाक परातीला लावून बघत राहिले.

मग पाय लावले. तीच तबकडी, तेवढाच आवाज. रांगोळी पडल्या जागी पडून राहिली. नाना खुर्चीत बसले, डावा कान पुढे करून. थाप एकदाच वाजली. त्यांनी डोळे मिटले आणि हात असा धरला की कुणी बोलू नये. मी कागदावर ‘काम पूर्ण’ लिहिलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नानांनी डोळे उघडले नाहीत, त्यांना ती ऐकू आली नसावीत. गुडघ्यांमुळे ताराक्का दोन वर्षांत वर आल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. दारात त्या धापा टाकत उभ्या राहिल्या, हातात सूप तसंच. सपाट, जरा मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं,

"गाणं कुठं गेलं?"

नानांनी दचकून बघितलं. ताराक्का फार कमी बोलतात. त्यांचं आणि भावाचं बोलणं घरच्या खुणांनी चालतं. नानांनी स्पीकरकडे बोट दाखवून खूण केली की चालू आहे. ताराक्कांनी मान हलवली. पायाचा तळवा फळीवर दोनदा आपटला, इथे नाही, अशा अर्थानं. मग नानांचं मनगट धरून त्यांना जिन्याकडे नेलं. आम्ही मागोमाग.

त्यांनी भावाला खांबापाशी उभं केलं. नकाशात नानांनी तो खांब काढला होता, लहानसा चौकोन, आत फुली. खांब सागाचा, जुना, करडा पडलेला. पण जमिनीपासून हातभर उंचीवर, बसलेल्या बाईची पाठ टेकते तिथे, लाकूड काळंभोर आणि आरशासारखं गुळगुळीत होतं. किती वर्षं पाठ टेकली तर लाकूड असं होतं, याचा हिशेब मला येईना. नानांनी त्या जागेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मी व्यवहारी बाई आहे. डोळ्यात पाणी येण्याआधी मी यादी करते. गुलाबभाऊंना वर पाठवलं, पाय काढून स्पीकर पहिल्यासारखे फळ्यांवर ठेवायला सांगितले. नानांकडून पाच तबकड्यांची नावं घेतली, ती लावायचा क्रम माझ्या मनानं ठरवला. ताराक्का खांबाला टेकून बसल्या, डोळे मिटून.

पहिली तबकडी लागली. ताराक्कांनी मांडीवर दोन बोटं नाचवली, मध्ये थांबा घेत. ढोलकी. बरोबर. दुसऱ्या वेळी दोन्ही तळहात आडवे धरून अंग डोलवलं. पखवाज. बरोबर. तिसऱ्या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्यासारखं केलं, मग छातीवर हात ठेवला. भजन, पुष्कळ माणसं. तेही बरोबर. चौथ्या वेळी त्यांनी थोडं थांबून हवेत एक लांब रेघ ओढली. ती खर्जातल्या आलापाची तबकडी होती. बाईचा आवाज की पुरुषाचा हे त्यांना सांगता आलं नाही, पण रेघ जिथे वळली तिथे आलापही वळला. पाचव्या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि आमच्याकडे बघितलं, का थांबलात म्हणून.

गाणं थांबलं नव्हतं. वर बासरी वाजत होती. बारीक सुरांची थरथर लाकडातून इतकी खाली येत नाही. ते मी कुणालाही समजावून सांगू शकते. त्या दिवशी सांगितलं नाही.

मध्येच रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खांब हलला. त्यांना ट्रक आणि गाणं वेगळं कसं कळतं ते मी नानांकरवी विचारलं. त्यांनी हातानं एक धक्का दाखवला आणि हात झटकला, म्हणजे ट्रक एकदा येतो आणि जातो. मग छातीजवळ हात आणून तो पुन्हा पुन्हा हलवला. गाणं परत येतं.

मी पखवाज पुन्हा लावायला सांगितला, पर्समधला कापूस कानात कोंबला आणि ताराक्कांच्या जागी बसले. आधी काहीच नाही. थंड लाकूड, एवढंच. मग पाठीच्या कण्यात काहीतरी चालायला लागलं, आधी एकटं, मग दोघं मिळून. बावीस वर्षं मी थरथर मोजते, अडवते, तिच्याशी भांडते. ती कुणाकडे अशी पाहुणी म्हणून येत असेल, हे माझ्या कागदावरच्या एकाही प्रश्नात नव्हतं. ताराक्का माझ्याकडे बघत होत्या, आलेल्या माणसाला ताट वाढून बघतात तशा.

नाना म्हणाले, "चाळीस वर्षं वाटत होतं, मी एकटाच ऐकतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ते रबर परत न्या."

ताराक्कांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि त्यांच्या हातावर चापट मारली. पुढचं भांडण सगळं हातांनी झालं. गुलाबभाऊ जिन्यावरून म्हणाले, असं मुकाट भांडण आमच्या घरी व्हायला लागलं तर मी रोज घरी जेवीन. मला जेवढं कळलं तेवढं असं. ताराक्कांनी भावाच्या डाव्या कानावर बोट ठेवलं, मग मूठ हळूहळू मिटली. तुझं चाललंय. स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि हात मागे, लांब फेकला. माझं केव्हाच गेलं. तू ऐक. नाना मान हलवत होते. दोघांपैकी कुणी ऐकलं नाही.

एक जोडी स्पीकर, एक लाकडी जमीन. पाय लावले तर भावाला स्वच्छ, बहिणीला बंद. काढले तर उलट. मी उपाय सांगितला. नानांच्या स्पीकरला पाय पुन्हा लावू. ताराक्कांसाठी बसायची एक रुंद फळी करू, तिला खालून एक हादरवणारं यंत्र लावू, तार वरच्या गाण्याचीच. त्या फळीलाही रबरी पाय, म्हणजे थरथर जमिनीत पळून न जाता फळीत राहील. इतकी वर्षं बाहेर घालवलेली थरथर एकदा आत कोंडायची. दोघांनी मान डोलावली. ताराक्कांनी तर सूप बाजूला ठेवलं.

फेब्रुवारीत फळी नेली. त्यांचं वजन पन्नास धरून चारानं भागलं होतं. हो, मीच. ताराक्का बसल्या, एक गुडघा उभा केला, फळी होडीसारखी कलली, त्या उठल्या आणि परत खांबाला टेकल्या. गुलाबभाऊ म्हणाले, "ताई, मानूस काय स्पीकर हाय व्हय, एका जागी गप बसाया?"

म्हणजे खरी वजनं हवीत. गुडघा उभा असताना आणि आडवा असताना, चारही कोपऱ्यांची. इथे अडलं. वडिलांच्या दुकानाचा काटा अजून कोपऱ्यात आहे. दसऱ्याला त्याची पूजा होते आणि त्याला कुणी पाय लावत नाही. मी तिसऱ्या खेपेला घरचा काचेचा काटा नेला, माणसांचाच असतो म्हणून खुणा केल्या. ताराक्कांनी तो ओळखला, वाकून नमस्कार केला, हळदीकुंकू लावून वडिलांच्या काट्याशेजारी ठेवला. तो तिथेच आहे. मी मागितलेला नाही.

फळीखाली चार काटे लपवता आले असते. गुलाबभाऊंनी सुचवलंही. नाना म्हणाले, "तिच्या नकळत आपण एकदा तिचं गाणं बंद केलंय. आता नकळत काही नको." बरोबर आहे. विचारूनच करायचं.

मधल्या काळात नानांनी शेजाऱ्यांना बोलावून आम्ही परत लावलेले पाय काढून घेतले. आठही पाय वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेत. तेल लावलेलं नाही. रोज दुपारी चार वाजता तबकडी लागते. नाना वर बसून कालवलेलं ऐकतात, ताराक्का खाली बसून आपलं ऐकतात. मागच्या खेपेला नानांना मी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा कळली. कालवल्यातून वेगळं करणं त्या कानाला आता जमत नसणार. हे त्यांनी बहिणीला सांगितलेलं नाही, पण तिनं त्यांच्या डोळ्यांकडे बघून ओळखलं असेलच.

छापील कागद मी बदलला. ‘खाली कुणाला त्रास?’ काढून ‘खाली कोण बसतं? काय करतं?’ असं घातलं. लोक विचित्र बघतात, मग आठवायला लागतात.

फळी तयार आहे, यंत्र तयार आहे, तार ओढून झाली. चार कडकपणांचे पाय शिजवून डब्यात ठेवलेत, कुठलेही निघाले तरी अडायला नको. कागदावर वर लिहिलंय, ‘ताराक्का, पेठ’. जमीन: शहाबादी. बसण्याची पद्धत: उजवा गुडघा उभा, कंटाळल्यावर डावा. आवाज: नाना ठेवतील तो. शनिवारी पुन्हा जायचंय, काट्याबद्दल त्यांच्याशी त्यांच्या खुणांनी बोलायला. चार खुणा नानांकडून शिकून घेतल्यात. वजनाचे चार रकाने अजून रिकामे आहेत.